झाकलेल्या पिंजऱ्यांची प्रकृती

ज्या उंदरांना मेलाटोनिन दिले होते, त्यांच्या फुप्फुसांच्या अर्काचा रंग गडद गुलाबी आला. ज्यांना नुसते पाणी दिले होते, त्यांच्या अर्काचा रंग फिका आला.

या चाचणीत गुलाबी रंग जितका गडद, तितकी फुप्फुसातील स्निग्ध रेणूंची नासधूस अधिक. दोन्ही गटांनी एकाच पेटीत, एकाच वेळी, त्याच सिगारेटींचा धूर घेतला होता. चाचणी पुन्हा केली, तिसऱ्यांदा केली. रंगाने मत बदलले नाही.

वास्तविक उलटे व्हायला हवे होते. धुरामुळे फुप्फुसात ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात. ते दिसेल त्या पेशीचे आवरण कुरतडत सुटतात. याला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. मेलाटोनिन या उपद्रवी रेणूंना निकामी करते, असे बऱ्याच प्रयोगांत दिसले आहे. म्हणून मेलाटोनिन घेतलेल्या उंदरांची फुप्फुसे त्यातल्या त्यात शाबूत राहावीत, अशी अपेक्षा होती. ती संस्थेच्या माहितीपत्रकात निकाल म्हणून आधीच छापून झाली होती.

संचालकांनी निकाल वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला, आणि दोष चष्म्यात नाही असे आढळल्यावर तो सुनेत शोधायला घेतला.

प्रयोग त्यांच्या सुनेचा होता आणि तिचा प्रबंध त्यावर उभा होता. संस्थेत ती त्यांना सर म्हणे आणि घरी बाबा. बाकीची संस्था तिला तोंडावर मॅडम म्हणे आणि पाठीमागे सूनबाई. तिने प्रवेशपरीक्षेत पहिली येऊन इथे जागा मिळवली आणि लग्न त्यानंतर झाले. परंतु कालक्रम हा विषय कुचाळक्यांच्या अभ्यासक्रमात नसतो.

संचालकांचे निदान तयार होते. धुराच्या पेटीतून बाहेर काढल्यावर उंदीर शेपटीवरच्या जांभळ्या खुणेप्रमाणे निवडून आपापल्या पिंजऱ्यांत परत ठेवले जात. हे काम सुनेचे. तेव्हा तिनेच खुणा उलट वाचल्या असणार, आणि सगळा गट इकडचा तिकडे झाला असणार. या तर्काचे सौंदर्य असे की तो मान्य केला की निकाल उलटा वाचायचा, आणि उलटा वाचला की तो सोन्यासारखा होता. औषध, संस्था आणि संचालक असे तिघेही एका फटक्यात निर्दोष सुटत. अडकत होती ती एकटी. तिने फक्त एका कागदावर सही करायची होती, की गटांची अदलाबदल माझ्या निष्काळजीपणामुळे झाली. असा कागद एकदा दप्तरी लागला की त्या बाईला पुढे कुठल्याही प्रयोगशाळेत कुणी स्वतंत्रपणे उंदीर धरू देत नाही. ती आयुष्यभर दुसऱ्याच्या परीक्षानळ्या विसळते.

तिने सही करायला नकार दिला. म्हणून चौकशी समिती नेमली गेली. समिती म्हणजे मी.

मी शेजारच्या रसायन विभागात असतो. संस्थेत मला शंकासुर म्हणतात. मला नेमण्यामागचा हिशेब मला समजत होता. शंकासुराने सुनेवर शंका घेतली की ती शंका राहणार नाही, खात्री होईल.

"तुम्ही एवढंच बघा की अदलाबदल झाली कशी," संचालक म्हणाले.

"झाली का, हे आधी पाहू का?"

"ते मी पाहिलंय."

"कुठे?"

"निकालात. औषध चांगलं आहे. निकाल वाईट आहे. म्हणजे उंदीर बदललेत. यात समजायला काय अवघड आहे?"

"औषध चांगलं आहे हे कशावरून?"

"मी स्वतः घेतो. बघा माझ्याकडे."

मी पाहिले. ते नुकतेच जिना चढून आले होते आणि खुर्चीच्या पाठीला धरून दम घेत होते. पण एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, म्हणून मी गप्प राहिलो.

"विश्वस्त येताहेत," ते म्हणाले. "फुप्फुस-संरक्षण विभागाचं उद्घाटन आहे. त्याआधी हे मिटलं पाहिजे. आणि हे बघा, घरातली मुलगी आहे. मला काय तिचं वाईट करायचंय? चूक कबूल केली की माणूस मोठा होतो."

"चूक झाली असेल तर."

"झाली नसेल तर जास्तच मोठा होतो," संचालक म्हणाले. त्यात विनोद आहे हे त्यांच्या लक्षात आले नाही.

प्राणीगृहाकडे जाण्याच्या वाटेवर संस्थेचे प्रवेशदालन लागते. तिथे भिंतीवर एक मोठा पडदा आहे. त्यावर औषध घेणारे उंदीर अष्टौप्रहर थेट दिसत असतात. खाताना, मिशा साफ करताना, आणि बहुतेक वेळ कोपऱ्यात एकमेकांच्या खाली तोंड खुपसून पडलेले. येणारेजाणारे क्षणभर थांबतात, हात जोडावेत की नाही असा चेहरा करतात आणि पुढे जातात.

प्राणीगृह स्वच्छ होते. फरशीला फिनेलचा वास, भिंतीत घरघरणारा पंखा, दाराजवळ घड्याळाला जोडलेले दिव्यांचे बटण. खोलीतले दिवे सकाळी आपोआप लागत आणि संध्याकाळी आपोआप मालवत. डाव्या भिंतीला औषध गट होता. त्याच्यावर एक झगझगीत दिवा, दिव्याशेजारी कॅमेरा, आणि वर सोनेरी अक्षरांतला फलक. फलकावर लिहिले होते, 'मेलाटोनिन : अंधारात शरीर स्वतः तयार करते ते संरक्षक द्रव्य'. हे वाक्य संस्थेत सगळ्यांना पाठ होते. शिपाईसुद्धा ते पाहुण्यांना म्हणून दाखवीत. प्रत्येक पिंजऱ्याला काचेची चकचकीत बाटली उलटी टांगलेली होती आणि तिच्यात औषधाचे पाणी दिव्याखाली चमकत होते.

उजव्या भिंतीला पाणी गट होता. त्याला ना दिवा होता, ना कॅमेरा, ना फलक. त्यांच्या बाटल्या जुन्या, तपकिरी होत्या. वरच्या फळीवर काळ्या कापडाच्या घड्या रचून ठेवल्या होत्या.

सून तिथेच होती. हातात उंदीर होता आणि आवाजात राग नव्हता. तो बहुधा आधीच खर्च झाला असावा.

"विचारा," ती म्हणाली.

"अदलाबदल झाली?"

"नाही."

"कशावरून?"

तिने उंदराचा कान दोन बोटांत धरून माझ्यापुढे केला. कानाला बारीक खाच होती. "शेपटीवरची शाई पुसते, म्हणून मी पहिल्याच दिवशी कानांना खाचा पाडल्या. औषधवाल्यांच्या उजव्या, पाणीवाल्यांच्या डाव्या. निकालासाठी ज्यांची फुप्फुसं घेतली, त्यांचे कान मी जपून ठेवलेत. हे उरलेले तुमच्यासमोर आहेत. हवे तर सगळे तपासा."

मी सगळे तपासले. एका उंदराने समितीच्या अंगठ्याला चावून आपले मत नोंदवले. एकही खाच चुकीच्या भिंतीला नव्हती.

ही बातमी घेऊन आम्ही दोघे संचालकांकडे गेलो. ते विचारात पडले, मग त्यांचा चेहरा उजळला.

"डावा कान म्हणजे कुणाचा डावा? उंदराचा की बघणाऱ्याचा?"

"उंदराचा," सून म्हणाली. "बघणारे बदलतात, सर."

"तुम्हाला असं वाटतं. पण तिथेच घोळ झाला असेल. मी स्वतः जोडे घालताना गोंधळतो."

"सर, मला चूक सापडली असती तर मी तुमच्याआधी ओरडून सांगितली असती."

"मग सापडत का नाही?"

"तेच शोधतेय."

"ते शोधेपर्यंत विश्वस्त येऊन जातील," ते म्हणाले, आणि टेबलावरचा कागद त्यांनी बोटाने तिच्याकडे दोन अंगुळे सरकवला. "आपण घरी बोलू."

बाहेर आल्यावर मी तिला विचारले, "सही केलीत तर काय होईल?"

"सगळं छान होईल. औषध गुणकारी ठरेल. प्रबंध होईल. घरी माझ्याशी लोक पुन्हा बोलायला लागतील. सासूबाई माझ्या ताटात आपणहून दुसऱ्यांदा वाढतील." ती थांबली. "फक्त ते खोटं असेल. आणि कुणीतरी त्या खोट्यावर आपल्या आईला औषध देईल."

पुढचे काही दिवस आम्ही साध्या शक्यता एकेक करून बाद केल्या. धूर सारखाच होता, कारण पेटी एकच होती. खाणे एकाच पोत्यातले. खोलीचे तापमान दोन्ही भिंतींना सारखे. औषध ती स्वतः तोलून, स्वतः विरघळवून, ताजे भरत असे. तिच्या विरघळवलेल्या पाण्याचा नमुना मी माझ्याकडे तपासला. मात्रा अगदी बरोबर होती. गुलाबी रंगाची चाचणी मी नमुन्यांवरची नावे झाकून स्वतः केली. गडद ते गडदच राहिले, फिके ते फिकेच. निसर्गाला संचालकांचे माहितीपत्रक पोहोचले नव्हते, एवढाच निष्कर्ष निघत होता.

उद्घाटन जवळ आले तशी समितीला चहाचे आमंत्रण आले.

संचालकांचे घर संस्थेच्या आवारातच आहे. दार त्यांच्या पत्नीने उघडले. संस्थेत सगळे त्यांना काकू म्हणतात. काकू प्रेमळ आहेत. त्यांना जगात एकच शत्रू आहे, तो म्हणजे धूळ. त्या घरात कोणतीही वस्तू नागडी नाही. फ्रिजला आवरण, टीव्हीला आवरण, कपडे धुण्याच्या यंत्राला आवरण. मिक्सरला नाडीचे आवरण. कोपऱ्यात शिवणयंत्र होते, आणि त्याच्यावर त्याच यंत्राने शिवलेले आवरण होते. मी खुर्चीवर बसण्यापूर्वी काकूंनी खुर्चीचे आवरण काढले, आणि माझा दर्जा काय ठरला आहे ते मला समजले.

"धूळ फार हो," काकू म्हणाल्या. "आणि माणसं येतात, जातात. सगळ्यांनी सगळं कशाला बघायचं?"

सून चहा घेऊन आली. संचालक, काकू, सून आणि मी असे चौघे बसलो. मधल्या टेबलावर तो कागद होता. त्यावर काचेचे वजन ठेवलेले होते, आणि कागद कोरा नव्हता, पण सहीवाचून अपुरा होता.

"समितीचं काय म्हणणं?" संचालकांनी विचारले.

"अदलाबदल झालेली नाही," मी म्हणालो.

"बरं. मग काय झालं?"

"ते माहीत नाही."

"म्हणजे तुमच्याकडे कारण नाही, आणि माझ्याकडे आहे. तरी माझं चूक?"

"कारण असणं आणि ते खरं असणं, या दोन गोष्टी आहेत."

"तुम्हाला कधी काही पटतं का हो?" काकूंनी खरोखरच्या कुतूहलाने विचारले. "घरी वरण खारट झालं तर तीनदा खाऊन बघता का?"

"दुसऱ्याच्या ताटातलंही बघतो."

काकू हसल्या आणि सुनेकडे वळल्या. "अगं, मी काय म्हणते, एक सहीच तर करायची. घरातली गोष्ट घरात राहील. बाबा काही तुला वाऱ्यावर सोडणार आहेत का? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आई, माझ्या मुठीत काही नाहीच. मी झाकू काय?"

"हेच. हेच तुमचं शिक्षण. उत्तर तयार."

सून बिस्किटांची बशी आणायला फ्रिजकडे गेली आणि तिने फ्रिजचे आवरण वर सरकवले. काळे जाड कापड, कडेला पिवळी गोट. मला फळीवरच्या घड्या आठवल्या. त्यांच्या कडेलाही पिवळे काहीतरी दिसत होते.

"काकू, हे कापड मी कुठेतरी पाहिलंय," मी म्हणालो.

"उंदरांकडे पाहिलं असेल," काकू सहज म्हणाल्या. "त्यांनाही शिवून दिलीत ना मी. एकाच ताग्यातलं आहे."

"कोणत्या उंदरांना?"

"ते पाणीवाले. मरतुकडे. त्यांना."

सून फ्रिजपाशी बशी हातात धरून उभी राहिली.

"असं बघा," काकू मला समजावून सांगू लागल्या. "पाहुणे येणार. एका भिंतीला औषध घेतलेले गुटगुटीत उंदीर, आणि समोरच्या भिंतीला खोकणारे, केस गळालेले. कसं दिसतं ते? आपल्याकडे कुणी आलं की आपण न्हाणीघरातल्या बादल्या मांडून ठेवतो का? हे म्हणाले, झाकायला काहीतरी दे. मग काय, दिलं. साधं नाही दिलं, दुहेरी अस्तर लावून दिलं. आत हात घातला तर स्वतःचा हात दिसत नाही."

"तेव्हा ते खोकत होते?" मी विचारले.

"कोण?"

"पाणी गटातले उंदीर. तुम्ही आवरणं शिवलीत तेव्हा."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिले. "तेव्हा प्रयोग सुरूच झाला नव्हता," संचालक म्हणाले. "पण खोकणारच होते ना. औषध न मिळणारा गट होता तो."

"आणि ही आवरणं घालता केव्हा?"

"पाहुणे काय सांगून येतात?" संचालक म्हणाले. "रोज काढा, रोज घाला, कोण करणार? घातलेलीच असतात. दाणापाणी करताना तेवढी पुढून उचलायची. तुम्ही आलात तेव्हा मी मुद्दाम काढायला लावली. चौकशी आहे म्हटलं, सगळं उघडं हवं."

मी सुनेकडे पाहिले. "तुम्हाला माहीत होती?"

"रोज पाहत होते," ती हळू म्हणाली. "इथे फ्रिजवर, तिथे पिंजऱ्यावर. या घरात राहून मला आवरण दिसायचंच बंद झालंय." तिने बशी होती तिथेच ठेवली. "बाबा, औषध गटावरचा तो दिवा. तो खोलीच्या घड्याळावर आहे ना?"

"तो कसा असेल?"

"संध्याकाळी मालवत नाही?"

"मालवला तर पडद्यावर काय दिसणार? अंधार? विश्वस्तांना मी अंधार दाखवू?"



"दिवे मालवायच्या आत मी रोज बाहेर पडते," ती माझ्याकडे पाहून म्हणाली. "मला वाटायचं तोही मालवतो."

"आणि बाटल्या?" मी विचारले. "पाणी गटाच्या तपकिरी आहेत."

"मी सगळ्याच तपकिरी मागवल्या होत्या. मेलाटोनिन पाण्यात घातलं की उजेडात टिकत नाही. एक दिवस बघते तर औषध गटाच्या पारदर्शक. मी विचारलं." ती सासऱ्यांकडे वळली. "संस्थेत विचारलं तर तुम्ही म्हणालात, घरी बोलू. घरी विचारलं तर म्हणालात, जेवताना संस्थेचं नको."

"तपकिरी बाटलीत औषध आहे की काढा, हे लोकांना कळत नाही," संचालक म्हणाले. "पारदर्शक पाहिजे. आपल्या संस्थेचं ब्रीद काय आहे?"

ब्रीद पारदर्शकता हेच आहे. ते माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर आहे.

तर्क जुळला म्हणजे तो खरा ठरत नाही, आणि जुळलेल्या तर्काची चटक किती वाईट, याचे उदाहरण समोरच चहा पीत होते. म्हणून आवरणे पूर्वीसारखी परत घालून आम्ही मोजायला लागलो. खोलीचे दिवे आपोआप मालवल्यावर आत किती उजेड उरतो, ते यंत्र लावून पाहिले. औषध गटाच्या पिंजऱ्यांत आरामात वर्तमानपत्र वाचता येईल इतका होता. समोरच्या उघड्या भिंतीवरही त्याचीच तिरीप पडत होती. काकूंच्या आवरणाखाली मात्र यंत्राने शून्य दाखवले. त्या खोलीत रात्र उरली होती ती फक्त दुहेरी अस्तराच्या आत.

मग बाटल्या. सकाळी भरलेले ताजे औषध आणि दिव्याखाली टांगून ठेवलेल्या पारदर्शक बाटलीतले, पुढच्या वेळी बदलायला काढलेले औषध, असे दोन्ही नमुने मी तपासले. दुसऱ्यात निम्म्याहून कमी मेलाटोनिन उरले होते. पाण्याला किंचित पिवळट झाक आली होती. ती पडद्यावर सोनेरी दिसत असे, आणि एका पाहुण्याने तिचे कौतुकही केले होते.

शेवटी उंदरांचे मूत्र तपासले. शरीरात मेलाटोनिन असेल तर त्याचा अवशेष मूत्रात उतरतो. आवरणाखालच्या उंदरांच्या मूत्रात तो भरपूर सापडला. दिव्याखालच्या उंदरांच्या मूत्रात नावापुरता. ज्यांना औषध दिले नव्हते त्यांच्या अंगात ते होते, आणि ज्यांना दिले होते त्यांच्या अंगात ते जवळजवळ नव्हते.

हे आकडे घेऊन आम्ही संचालकांकडे गेलो. त्यांनी ते वाचले. बऱ्याच वेळाने त्यांचा चेहरा प्रसन्न झाला.

"म्हणजे मेलाटोनिन गुणकारीच आहे. मी पहिल्यापासून काय म्हणत होतो?"

"आपण दिलेलं नव्हे," मी म्हणालो. "उंदरांनी स्वतः केलेलं. तेही बहुधा."

"शेवटी मेलाटोनिनच ना?"

"सतत उजेडात ठेवलं तर उंदीर तसेही खचतात. झोप मोडते, खाणं बिघडतं. अंधारामुळे फुप्फुसं वाचली की अंधारात तयार झालेल्या मेलाटोनिनमुळे, हे वेगळं करायला आणखी प्रयोग लागेल."

"तुम्ही कधी आनंदात असता का?"

"नमुने पुरेसे असले की."

"मला एक छोटा प्रयोग परत करायचाय, सर," सून म्हणाली. "नवे उंदीर. औषध कुणालाच नाही, सगळ्यांना नुसतं पाणी. निम्मे दिव्याखाली, निम्मे आवरणाखाली. धूर तोच."

"आणि विश्वस्त? त्यांना काय सांगू? आमचा दिवा चुकला?" त्यांनी कागद पुन्हा पुढे ओढला. "हे बघ, तुझी सही झाली तर नोंदवहीतली एक ओळ चुकते. दिवा चुकला म्हटलं तर संस्था चुकते. तूच ठरव कोणतं लहान."

कागद तिने उचलला नाही आणि परतही सरकवला नाही. निर्णय त्या दिवशी झाला नाही. तो दुसऱ्या दिवशी झाला, आणि तो काकूंनी केला.

काकूंपर्यंत हकीगत कशी पोहोचली, हे मला सुनेने नंतर सांगितले. सासूबाईंनी भाजी निवडता निवडता विचारले, "माझ्या आवरणांनी उंदीर मेले म्हणतात ते खरं का?" तिने सांगितले, "नाही आई, वाचले." भाजी निवडायची थांबली. "वाचले?" "औषधवाल्यांपेक्षा चांगले राहिले." काकूंनी हे दोनदा वदवून घेतले. मग त्या संस्थेत आल्या. नवऱ्याच्या खोलीत त्या सहसा येत नाहीत.

मी तेव्हा तिथेच होतो.

"मी असं ऐकलं, की माझी आवरणं चांगली निघाली," काकू म्हणाल्या.

"तसं अजून सिद्ध नाही," संचालक म्हणाले. वीस वर्षांत त्यांच्या तोंडून मी हे वाक्य पहिल्यांदाच ऐकले.

"मग करा ना सिद्ध. ही म्हणतेय करते, तर करू द्या."

"आणि लोकांना काय सांगायचं?"

"खरं सांगायचं. आवरण मी घातलं, दिवा तुम्ही लावलात. पोरीने काय केलं यात? आणि तिनेच सही करायची? तिने सही केली तर माझी आवरणं कुणाच्या खात्यावर जाणार?"

संचालकांनी माझ्याकडे पाहिले. मी शंकासुर असलो तरी नवरा-बायकोच्या वादात नमुना एकच असतो, आणि मी मत देत नाही.

उद्घाटन तांत्रिक कारणास्तव पुढे ढकलण्यात आले, असे पत्र विश्वस्तांना गेले. संस्थेच्या इतिहासात हे कारण पहिल्यांदाच खरे होते. प्रवेशदालनातला पडदा काही काळ निळा राहिला. लोक त्याच्यापुढेही क्षणभर थांबत.

सुनेने प्रयोग पुन्हा केला. सगळ्यांना पाणी, सगळ्यांना धूर, निम्म्यांना दिवा, निम्म्यांना आवरण. खाचा यावेळी दोन्ही कानांना पाडल्या, वेगवेगळ्या आकारांच्या, म्हणजे डाव्या-उजव्याचा प्रश्न कुणाच्या डोक्यात येऊ नये. अर्क काढून चाचणी लावली तेव्हा नळ्यांवरची नावे मी झाकली होती. नावे उघडली तेव्हा दिव्याखालचे गडद गुलाबी होते आणि आवरणाखालचे फिके. काकू ते पाहायला मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी फिक्या नळ्या एकेक करून उजेडासमोर धरल्या आणि अस्तर दुहेरी लावल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसले.

"आता हा दिवा," त्या म्हणाल्या, "तो संध्याकाळी झाकायला हवा की नको?"

"नुसता मालवला तरी चालेल, आई," सून म्हणाली.

"मालवायचं कुणी विसरलं तर?"

त्यांनी आवरणाचा नमुना कापायला कागद मागितला. संचालकांच्या टेबलावर एक चांगला जाड कागद काचेच्या वजनाखाली पडून होता, त्यावर खाली सहीसाठी जागा रिकामी होती. काकूंनी तो घेतला, दिव्याच्या मापाने दुमडला आणि कात्री लावली. संचालकांनी ते पाहिले, आणि चष्मा पुसायला घेतला.

अहवाल सुनेने लिहिला. मी समिती म्हणून सही केली, संचालकांनी संचालक म्हणून. 'प्रकाशव्यवस्थेतील किरकोळ बाब' असे शब्द घालावेत, अशी त्यांची सूचना होती. ती विचारात घेऊन वगळण्यात आली. अहवालातील कारणाचा परिच्छेद असा आहे :

'गटांची अदलाबदल झालेली नाही. औषध गटावर प्रदर्शनासाठी लावलेला दिवा रात्रंदिवस चालू होता. त्यामुळे त्या उंदरांच्या शरीरात रात्री तयार होणारे मेलाटोनिन जवळपास बंद पडले, आणि पारदर्शक बाटल्यांमुळे त्यांना दिलेले मेलाटोनिनही निम्म्याहून अधिक नष्ट झाले. पाणी गट पाहुण्यांना दिसू नये म्हणून काळ्या आवरणांखाली ठेवला होता. त्यामुळे त्याला अंधार मिळाला आणि त्याचे स्वतःचे मेलाटोनिन तयार होत राहिले. मेलाटोनिन फुप्फुसांचे रक्षण करते की नाही, हे या प्रयोगातून सांगता येत नाही. निकाल उलटा येण्याचे कारण असे की एक गट दाखवायचा होता आणि दुसरा लपवायचा होता.'